वाजवून घेतलेले कप

साहेबांच्या खोलीतून निघून ताई जिना उतरून खाली आल्या, तर बातमी त्यांच्या आधीच खाली येऊन बसली होती.

"म्हणजे आपलं खातं बंद होणार तर," दारातच रेडिओ म्हणाली.

रेडिओ हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण सकाळी गेटवर ऐकलेलं जेवणाच्या सुट्टीपर्यंत साऱ्या कारखान्याला ऐकवल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे, म्हणून सगळे तिला रेडिओच म्हणत. तिलाही त्यात वावगं वाटत नसे.

"तुला कुणी सांगितलं?"

"चहा देणाऱ्यानं. तुम्ही आत होता तेव्हा तो ट्रे घेऊन आत आला होता ना? साहेब म्हणाले, तपासणी बाहेर देऊन टाकू. त्यानं चक्कीवाल्याला सांगितलं, चक्कीवाल्यानं मला. भट्टीवर पण कळलंय. भट्टीवाले म्हणाले, बायांचे हात हलतात, डोकं हलत नाही."

ताईंनी कपाळाला हात लावला. या कारखान्यात वाईट बातमीला जिना लागत नाही. चांगली गोष्ट मात्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायची म्हटली तर तिला पालखी लागते.

कारखाना चिनी मातीच्या भांड्यांचा. पांढरे, जाड, कानाचे कप. हॉस्पिटलं आणि वसतिगृहं घेतात तसले. भट्टीतून निघालेला प्रत्येक कप ताईंच्या खात्यात यायचा आणि तिथल्या बाया तो वाजवून पाहायच्या. कपाला कधी कधी केसाएवढा तडा गेलेला असतो. वरच्या झिलईखाली तो डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागत नाही. पण लाकडी काडीनं कपाच्या काठावर टकटक केलं, की चांगला कप खणखणीत वाजतो आणि तडा गेलेला बद्द वाजतो. बाजारात मडकं वाजवून घेतात, तसंच. खणखणीत तो पेटीत, बद्द तो लाल ट्रेमध्ये. खात्याचं काम म्हणाल तर एवढंच.

आणि तेच फसलं होतं. एका हॉस्पिटलात कप रुग्णाच्या हातातच दुभंगला होता. आत गरम सूप होतं. हात भाजला. हॉस्पिटलनं अख्खा माल परत पाठवला, आणि त्यातले निम्मे कप तडकलेले निघाले. साहेबांनी ताईंना बोलावून सांगितलं होतं, की महिनाअखेरीला हॉस्पिटलच्या भांडारबाई स्वतः येणार आहेत. त्यांना तपासणी पटली तर ठीक. नाही पटली तर मागणी जाईल, आणि मग हे खातं ठेवून काय करायचं? काम बाहेरच्या कंत्राटदाराला देऊ. बाया जातील आपापल्या वाटेनं.

त्या बायांत मावशी होत्या, ज्यांच्या घरी दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. रेडिओ होती. आणि दुपारच्या पाळीत ताईंची सख्खी धाकटी जाऊ होती, जिला ताईंनीच घरच्यांशी भांडून या कामावर आणलं होतं.

"चला, कामाला लागा," ताई म्हणाल्या. "मी बघते, घोडं कुठे पेंड खातंय ते."

त्या दिवशी ताई एक स्टूल घेऊन मावशींच्या शेजारी बसून राहिल्या. बाया काम कसं करतात ते त्यांनी नीट पाहिलं. काही चुकत नव्हतं. डाव्या हाताच्या तळव्यावर कप, उजव्या हातात काडी, काठावर तीन ठिकाणी टकटक, की कप पेटीत. हातांना लय होती. पलीकडे पत्र्याच्या भिंतीआड झिलई दळायची चक्की घरघरत होती. गेल्या वर्षी ती इथे हलवली, तेव्हापासून सगळ्यांच्या कानांत सुरक्षासाहेबांनी दिलेले रबरी बोळे असत, नारिंगी दोरीनं जोडलेले. ताईंच्याही कानांत होते. भिंतीवर दोन पाट्या शेजारी शेजारी लावलेल्या. एकीवर लिहिलं होतं, 'प्रत्येक कप वाजवून घ्या.' दुसरीवर, 'कानात बोळे घातल्याशिवाय काम करू नका.'

ताई दोन्ही पाट्यांखाली दिवसभर बसल्या आणि त्यांना काहीसुद्धा सुचलं नाही.

सुचलं ते अंगणात. पेटीतला एक कप उन्हात धरून पाहावा म्हणून त्या बाहेर गेल्या. कानात घाम साचला होता म्हणून बोळे काढले. कप फिरवताना हातातली बांगडी त्याच्या काठाला लागली.

बद्द.

ताईंनी पुन्हा वाजवला. बद्द. मावशींनी त्यांच्यादेखत तीनदा वाजवून पेटीत ठेवलेला कप! ताई तरातरा आत गेल्या, कप मावशींच्या कानापाशी धरला, मग त्यांच्या कानांतले बोळे हातानं उपसून काढले. पण बोळे काढले तर चक्कीची घरघर एवढी, की कप काय, माणूस ओरडला तरी ऐकू येईना.

ताई स्वतः कितीतरी वर्षं कप वाजवत आल्या होत्या. पण चक्की इथे आली आणि त्या खात्याच्या प्रमुख झाल्या, हे दोन्ही एकदमच झालं. तेव्हापासून हातात काडीच्या जागी कागद आले होते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत चक्की थांबली. ताईंनी सगळ्यांना गोळा करून उभं केलं.

"खरं सांगा. टकटक केल्यावर तुम्हाला ऐकू काय येतं?"

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. अळीमिळी गुपचिळी.

"मावशी, तुम्ही सांगा."

मावशी पदराशी चाळा करत म्हणाल्या, "काही नाही हो, ताई. मला वाटलं माझं वय झालं. बाकीच्या तरुण आहेत, त्यांना येत असेल. मी जर म्हटलं ऐकू येत नाही, तर म्हातारीला घरी बसवाल."

"आणि तू?"

रेडिओ म्हणाली, "मला वाटलं ते हाताला कळतं. मावशींना कळतंय म्हणजे मलाही कळेल कधीतरी. तोवर हात चालू ठेवायचे."

"अगं पण तू गावभर सगळं सांगत सुटतेस! हे एवढं नाही सांगावंसं वाटलं?"

"हे कसं सांगणार?" रेडिओ खरंच आश्चर्यानं म्हणाली. "ती दुसऱ्याची गोष्ट असली तर सांगतो आपण. स्वतःला येत नाही, हे कुणी सांगतं का?"

ताईंना हसावं की रडावं कळेना. जिच्या तोंडी तीळ भिजत नाही, तीसुद्धा वर्षभर तोंडात मिठाची गुळणी धरून बसली होती. प्रत्येकीला वाटत होतं, आपल्याला नाही पण बाकीच्यांना ऐकू येतंय. बहिऱ्यांच्या गावात प्रत्येक जण दुसऱ्याच्या कानांवर विसंबला होता.

निदान दुखणं तरी कळलं, असं म्हणत ताई सुरक्षासाहेबांकडे गेल्या. ते सज्जन गृहस्थ होते. त्यांनी ताईंना खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बोळे काढता येणार नाहीत."

"पण मग कप ऐकू कसा येणार?"

"तो प्रश्न तपासणीचा. माझ्याकडे कानांचं खातं आहे."

"अंगण ओलांडून खोक्यांचं जुनं गोदाम आहे ना, तिथे चक्कीचा आवाज येत नाही. तिथे बसून बोळे काढले तर?"

"नियम गेटपासून गेटपर्यंत आहे, ताई. आवारात कुणी बोळ्यांशिवाय दिसलं तर मला ताकीद द्यावी लागेल. नियम बदलायचा तर मुख्य कार्यालयाला लिहावं लागेल. लिहितो ना. होईल दोन-चार महिन्यांत."

ताई वर साहेबांकडे गेल्या. साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे माहिती एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पोचत नाही! मी हेच म्हणत होतो." त्यांनी लगेच एक सभा लावली. बाहेरून एक गुळगुळीत दाढीचा वक्ता आला. त्यानं पडद्यावर बाण दाखवले. बाण या चौकोनातून त्या चौकोनात जात होते आणि परत येत होते. "ज्ञान वाटल्यानं वाढतं," तो म्हणाला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुपारच्या पाळीच्या बाया सभेला नव्हत्या, कारण सभा दुपारच्या पाळीच्या वेळेत होती आणि त्या काम करत होत्या. ताईंनी हात वर करून कपांचं विचारलं. वक्ता म्हणाला, "फार छान प्रश्न आहे." आणि पुढच्या बाणाकडे वळला. म्हणतात ना, नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे.

शेवटी ताईंनी ठरवलं, की विचारत बसण्यात अर्थ नाही. सकाळच्या पाळीला घेऊन त्या सरळ जुन्या गोदामात गेल्या. दार लोटून घेतलं. आत इतकं शांत होतं, की बाया कुजबुजायलाच लागल्या.

"बोळे काढा," ताई म्हणाल्या.

त्यांनी पाच कप टेबलावर ओळीनं मांडले. "यातला एक तडकलाय. कोणता ते मी सांगणार नाही. डोळे मिटा, म्हणजे लक्ष कानात राहील. आता मी वाजवते."

टक. टक. टक.

"हा!" मावशी ओरडल्या. डोळे मिटलेलेच होते, पण चेहरा असा फुलला, जणू हरवलेलं माणूस दारात आलं. "अगं बाई, हा बद्द वाजला! म्हणजे मला ऐकू येतं!"

"येतं की. कान शाबूत आहेत तुमचे."

मग प्रत्येकीनं करून पाहिलं. एक चुकली, दुसरीनं तिची थट्टा केली, तिसरीनं थट्टा करणारीला कप दिला आणि तीही चुकली. ताई कुणाला 'बरोबर' म्हणत नव्हत्या, 'चूक' म्हणत नव्हत्या, फक्त विचारत होत्या, "काय ऐकलंस? पुन्हा वाजव. मघाच्या कपासारखा वाटला का?" हळूहळू लाल ट्रे भरू लागले. कित्येक महिन्यांनी ताईंना आपल्या कामाची गोडी वाटली.

राहिली दुपारची पाळी. ताईंची सुटी व्हायची तेव्हा ती सुरू व्हायची. पाळी बदलताना दोन्हीकडच्या बाया अंगणात एकमेकींना ओलांडून जात, तेवढीच गाठ. पण त्यासाठी रेडिओ होतीच.

"दुपारच्या बायांना सगळं नीट सांग," ताई तिला म्हणाल्या. "गोदामात कसं बसायचं, कसं वाजवायचं. फक्त ते बोळे काढल्याचं गावभर करू नकोस. सुरक्षासाहेबांच्या कानावर गेलं तर आपलं सगळंच मुसळ केरात."

"तुम्ही निश्चिंत राहा," रेडिओ म्हणाली.

आणि ताई निश्चिंत राहिल्या.

दोघी जावा एका घरात राहत असल्या, तरी त्यांची भेट सकाळच्या घाईतच व्हायची. ताई डबा भरत असायच्या आणि धाकटी मुलीच्या वेण्या घालत असायची. दुपारी धाकटी निघे, तिकडून ताई येत. रात्री धाकटी परते तेव्हा ताईंचा डोळा लागलेला असे, आणि ओट्यावर तिच्यासाठी झाकून ठेवलेलं ताट असे.

"गोदामात बसायला लागलात का गं?" चार दिवसांनी ताईंनी विचारलं.

"हो ताई. लागलो की. डोळे मिटून," धाकटी दातांत रिबीन धरून म्हणाली.

"आणि लाल ट्रेमध्ये पडतात का?"

"पडतात ना. तुमच्या पाळीत पडतात तेवढेच आमच्याही पडतात."

ताईंना बरं वाटलं. शिकवलेलं असं दुसऱ्याच्या हातात उगवलेलं पाहिलं, की कुणालाही बरं वाटतं. डब्याचं झाकण लावताना त्या चक्क गुणगुणत होत्या.

महिनाअखेर आली. भांडारबाई सकाळी येणार होत्या. त्या दुपारी आल्या. उंच, करड्या केसांच्या आणि कमी बोलणाऱ्या. ताई घरी न जाता थांबल्या. रेडिओही थांबली, असल्या दिवशी ती घरी गेली असती तर नवल. साहेब पुढे, त्यांच्यामागे भांडारबाई, त्यांच्यामागे सुरक्षासाहेब, अशी वरात अंगण ओलांडून गोदामाकडे निघाली. ताई मागून चालत होत्या. सुरक्षासाहेबांना आत बाया बोळ्यांशिवाय दिसतील, मग? दिसू देत, त्यांनी मनाशी म्हटलं. त्यांच्या डोळ्यांदेखत कप वाजवून दाखवू.

साहेबांनी दार उघडलं.

दुपारच्या पाळीच्या बाया दोन ओळींत ताठ बसल्या होत्या. सगळ्यांचे डोळे मिटलेले. काड्या एका लयीत चालत होत्या. टक, टक, टक. मधूनच एखादी बाई कपाळाला बारीकशी आठी घालून कप लाल ट्रेमध्ये ठेवत होती.

"बघा," साहेब दबक्या आवाजात म्हणाले. "जशा ध्यान लावून बसल्यात. ही पद्धत आमच्या ताईंनी काढली."

भांडारबाई पाहत राहिल्या. त्यांची भुवई हळूच वर गेली, पण ती कौतुकानं. सुरक्षासाहेबही समाधानानं मान डोलावत होते. त्यांना मान डोलावताना पाहून ताईंच्या मनात पाल चुकचुकली. हे कशाला खूश आहेत?

मग त्यांना धाकटीच्या मानेमागे लोंबणारी नारिंगी दोरी दिसली. शेजारणीच्या मानेमागे तशीच. पुढच्या ओळीत सगळ्यांच्या. सगळ्या जणी शांत गोदामात, डोळे मिटून, कानांत बोळे घालून कप वाजवत होत्या.

ताईंनी लाल ट्रेमधला एक कप उचलला आणि नखानं वाजवला. खणखणीत. दुसरा उचलला, तोही खणखणीत. मग पेटीतला एक उचलला. बरा होता. त्याच्या खालचा बद्द वाजला.

"ठीक आहे," भांडारबाई म्हणत होत्या. "मला पटलं. आजचा माल गाडीत भरा."

साहेबांनी मोठा श्वास सोडला. ताईंच्या हातात तो बद्द कप तसाच होता. त्या गप्प राहिल्या असत्या तर काहीही बिघडलं नसतं, म्हणजे इथे काही बिघडलं नसतं. खातं राहिलं असतं, मावशी राहिल्या असत्या, धाकटी राहिली असती. उद्यापासून दुपारच्या पाळीला नीट शिकवता आलं असतं. फक्त आजची गाडी जायची होती. आणि आजच्या गाडीतले कप उद्या कुणाच्या तरी हातात गरम सुपासकट दिले जाणार होते.

"नका भरू," ताई म्हणाल्या.

"काय?" साहेब म्हणाले.

"गाडी भरू नका. हा माल तपासलेला नाही."

साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "अहो ताई, आत्ता तुमच्यासमोर..."

ताई धाकटीपाशी गेल्या आणि त्यांनी तिच्या कानांतले बोळे काढले. धाकटीनं दचकून डोळे उघडले, एवढी माणसं पाहून घाईनं उभी राहिली आणि डोक्यावरचा रुमाल सारखा करू लागली.

"हा कप वाजव," ताई म्हणाल्या. "मगाशी तूच पेटीत ठेवलास."

धाकटीनं वाजवला. मग दुसरा वाजवला. मग पहिला पुन्हा. तिचे डोळे मोठे झाले.

"ताई, हा आवाज काय आहे?"

"हाच तर आवाज. तू आजवर लाल ट्रेमध्ये कप कशावरून टाकत होतीस?"

धाकटी रडवेली झाली. "सकाळच्या पाळीच्या लाल ट्रेमध्ये किती पडलेत ते आम्ही येताना बघायचो. तेवढेच आम्ही पण टाकायचो. कमी पडले तर म्हणतील, दुपारच्या बायांना येत नाही."

ताई दाराकडे वळल्या. त्यांचा आवाज कधी नव्हे तो चढला. "रेडिओ! तू यांना बोळ्यांचं सांगितलं नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात ना, बोलू नको म्हणून!" रेडिओही चिडली. "बाकीचं सगळं सांगितलं. गोदाम सांगितलं, डोळे मिटायचे सांगितलं, काडी कशी धरायची ते करून दाखवलं. तेवढं एकच पोटात ठेवलं. आयुष्यात एकदा तोंड बंद ठेवलं, ताई, तेही तुमच्या सांगण्यावरून, आणि आता मलाच बोलताय?"

साऱ्या शिकवणीतली काडी पोचली होती, डोळे पोचले होते, कपाळावरची आठीसुद्धा पोचली होती. ज्या एका गोष्टीसाठी सगळा खटाटोप, तेवढी अंगणात राहिली होती, आणि ती ताईंनी स्वतःच्या हातानं तिथे ठेवली होती.

"पण बोळे काढायचे नाहीतच मुळी," सुरक्षासाहेब म्हणाले. "मी मुख्य कार्यालयाला लिहिलंय."

भांडारबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, कान देऊन क्षणभर ऐकलं. "इथे कसला आवाज आहे?"

"इथे नाही. पण नियम गेटपासून..."

भांडारबाईंनी पुढचं ऐकलं नाही. त्यांनी धाकटीच्या हातातली काडी मागून घेतली आणि पेटीतले कप एकामागून एक उचलून स्वतः वाजवायला सुरुवात केली. पेटीच्या तळाशी पोचेपर्यंत त्यांनी बाजूला काढलेल्या कपांची चांगली रांग झाली होती.

"आज मला एकही कप नको," त्या ताईंना म्हणाल्या. आवाजात राग होता. आभार वगैरे काही नव्हते. "आठ दिवसांनी गाडी पाठवते. माल भरताना मी इथे उभी राहीन. तेव्हा असा एक जरी सापडला, तर पुन्हा येणार नाही."

त्या गेल्यावर साहेब ताईंवर बरसले. असं चारचौघांत बोलायची काय गरज होती, मला बाजूला घेऊन सांगता आलं नसतं का, वगैरे. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "साहेब, मला दोन्ही पाळ्या रोज अर्धा तास एकत्र हव्यात. इथे, या गोदामात."

"अर्धा तास? उत्पादनाचं काय? त्यापेक्षा एका पानावर मुद्दे लिहून द्या ना. छापून सगळ्यांना वाटू."

"पान वाचून काडी धरता येईल, साहेब. ऐकता नाही यायचं."

आठ दिवसांनी खातं राहणार की जाणार, हे साहेबांनाही ठाऊक नव्हतं. "आठ दिवस," ते म्हणाले. "आणि बोळ्यांचं मी काही पाहिलेलं नाही."

ते आठ दिवस कुणाला सुखाचे गेले नाहीत. दोन्ही पाळ्या समोरासमोर बसत. सकाळची एक, दुपारची एक, मध्ये कप. सकाळच्या बाया तोऱ्यात म्हणत, "एवढंही येत नाही?" दुपारच्या फणकारत, "सांगितलं कुणी होतं?" भट्टीवरचा प्रमुख येऊन कुरकुरून गेला, की बाया चांगला माल फेकतायत. ताईंनी त्याला तडकलेले कप वाजवून दाखवले आणि भट्टी गरम असतानाच उघडता का, त्यानंच तडे जातात ना, असं विचारलं. तो म्हणाला, "आमची तक्रार इतक्या दिवसांत कुणी केली नाही, ती आताच कशी?" कुणी केली नव्हती हे खरंच होतं. तडकलेले कप पेटीतून मुकाट जात होते, तोवर भट्टीला कोण काय सांगणार?

लाल ट्रे पुरेनात म्हणून कप भिंतीशी रचावे लागले. साहेब रोज येऊन तो ढीग पाहत आणि सुस्कारा टाकत.

"एवढा माल वाया?"

"आधीही एवढाच जायचा, साहेब. फक्त तो इथे दिसत नव्हता."

गाडीचा दिवस उजाडला. भांडारबाई सांगितल्याप्रमाणे उभ्या होत्या. हातात स्वतःची काडी घेऊन. त्या पेट्यांमधून कुठलाही कप काढत, वाजवत, परत ठेवत. दुपारपर्यंत पेट्या चढत गेल्या. त्यांना काही सापडलं नाही. दोन्ही पाळ्या एकत्र बसायच्या वेळी शेवटच्या पेटीत एकाच कपाची जागा उरली, आणि धाकटीच्या हातातही एकच कप उरला.

तिनं तो वाजवला. पुन्हा वाजवला. सगळ्या तिच्याकडे पाहू लागल्या. धाकटीचा चेहरा लाल झाला. मग ती म्हणाली, "मला कळत नाहीये."

गोदामात कुणी हसलं नाही.

"आण इकडे," रेडिओनं तो घेतला, काठावर चारही बाजूंनी वाजवला, कानाशी धरला. "मलाही नाही कळत बाई. मावशी, तुम्ही बघा."

मावशींनी डोळे मिटून वाजवला. "एकदा वाटतं खणखणीत. एकदा वाटतं, आत काहीतरी आहे. नाही सांगता येत."

कप ताईंकडे आला. त्यांनी वाजवला, आणि सगळ्या त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. दारातून साहेब हाक मारत होते, "अहो, ड्रायव्हर खोळंबलाय! एका कपानं काय होतंय?"

ताईंनी पुन्हा एकदा वाजवला.

"मलाही नाही कळत," त्या म्हणाल्या.

त्यांनी कप लाल ट्रेमध्ये ठेवला. पेटीत राहिलेल्या मोकळ्या जागेत मावशींनी जुना कागद चुरगळून दाबून बसवला, म्हणजे बाकीचे कप वाटेत एकमेकांवर आपटणार नाहीत. भांडारबाईंनी तो कागद पाहिला आणि गाडीच्या कागदावर सही केली.

"पुढच्या वेळीही मी वाजवूनच घेणार," जाता जाता त्या ताईंना म्हणाल्या.

"घ्या," ताई म्हणाल्या, आणि बाद कप ठेवायला आता जागा कुठे करायची ते पाहायला ढिगाकडे वळल्या.